मातीचे मावळे

दिवाळीत मुले अंगणात जो मातीचा किल्ला रचतात, त्यावर मांडण्यासाठी तयार करण्यात येणाऱ्या मराठेशाहीतील सैनिकांच्या लहान रंगीत मूर्ती. यांना ‘किल्ल्यावरील चित्रे’ किंवा नुसते ‘चित्रे’ असेही म्हणतात. या मूर्तींची उंची सामान्यतः ५ ते १५ सेंमी. असते. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, घोडेस्वार, भालदार, तोफा व गोलंदाज, द्वारपाल आणि पायथ्याच्या गावातील शेतकरी, गवळणी, वाणी इ. आकृतींचा मिळून एक संच होतो. तथापि त्यांत संख्येने अधिक असतो तो पायदळातील सैनिक, म्हणजे मावळा. मावळा या शब्दाचा मूळ अर्थ मर्यादित आहे. पुणे प्रांताच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या खोऱ्यांना मावळ म्हणत आणि तेथून भरती झालेला पायदळाचा शिपाई तो मावळा. कोकणातील बंदूकधारी हेटकरी, पागेतील बारगीर आणि स्वतःचे घोडे बाळगणारे शिलेदार हे त्याहून वेगळे होत. लोकव्यवहारात मात्र शिवकालीन सैनिक म्हणजे मावळा असे समीकरण रूढ झाले आणि मातीच्या मूर्तींनाही तेच नाव मिळाले.

या मूर्तींचे रंगकाम हा वरवर पाहता बालकौतुकाचा विषय वाटतो. वस्तुतः बहुसंख्य मराठी मुलांच्या मनात शिवकालाचे पहिले दृश्य रूप याच मूर्तींमुळे ठसते. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकाआधी मूल मावळ्याच्या पागोट्याचा, ढालीचा व अंगरख्याचा रंग पाहते आणि तो खरा मानते. म्हणून तो रंग कोठून आला आणि त्याला पुरावा कोणता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

पूर्वपीठिका : सैनिकांच्या लहान रंगीत प्रतिकृती करण्याची प्रथा अतिप्राचीन आहे. ईजिप्तमध्ये अस्यूत येथील मेसेहती या प्रांताधिपतीच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या मिळाल्या. एकीत ४० ईजिप्शियन भालाईत असून दुसरीत ४० न्यूबियन धनुर्धर आहेत. सु. ४,००० वर्षांपूर्वीच्या या मूर्ती कैरोच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील भालाइतांच्या ढालींवरील रंगाचे पट्टे व ठिपके एकमेकांशी जुळत नाहीत. चित्रकाराने प्रत्येक शिपायाला स्वतंत्र ढाल दिली आहे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

यूरोपातील खेळण्यातील सैनिकाचा उदय अठराव्या शतकात झाला. जर्मनीतील न्यूरेंबर्ग परिसरात कथिलाच्या चपट्या सैनिकांचा व्यवसाय १७७० नंतर भरभराटीस आला. हिल्पर्ट घराणे हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जाते. पॅरिसमध्ये ल्यूकॉत व पुढे मिन्यो यांनी शिशाचे भरीव सैनिक घडविले. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास सुरुवात केली. त्यामुळे वजन व किंमत दोन्ही घटून ही खेळणी सामान्य घरांत पोहोचली. एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये अशा सैनिकांनी खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम लिटल वॉर्स या पुस्तकात मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा वापर वाढला आणि छंद म्हणून ऐतिहासिक सैनिक रंगविणाऱ्या प्रौढांचा मोठा वर्ग पाश्चात्त्य देशांत निर्माण झाला. अशा सैनिकांची ५४ मिमी. ही उंची विशेष रूढ आहे.

यूरोपातील हे खेळणे आणि तेथील लष्करी गणवेश ही एकाच काळाची अपत्ये आहेत. कोणत्या पलटणीचा कोट निळा, कोणत्या पलटणीची बाहीपट्टी पिवळी, हे राजाज्ञेने ठरलेले होते आणि त्याची सचित्र पुस्तकेही उपलब्ध होती. रंगकाऱ्याने पुस्तक उघडावे व तसे रंगवावे, एवढेच त्याचे काम. शिवकालीन मावळ्याबाबत असे करता येत नाही. कारण त्याला गणवेशच नव्हता. मराठी फौजांत कवायती शिस्त व गणवेश आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रथम गारद्यांच्या पलटणींतून आणि नंतर महादजी शिंदे यांच्या सेवेतील द बॉइन्य या सेनानीने उभारलेल्या कंपूंतून. त्यापूर्वीच्या शतकातील मावळा आपल्या घरच्या कपड्यांत लढाईस जाई. यामुळे त्याचे रंगकाम एका अर्थाने अधिक अवघड आहे. त्यासाठी कापड, रंग, प्रदेश व ऋतू यांची माहिती असावी लागते.

वेश व शस्त्रे : पुरावे : शिवकालीन सैन्याची रचना कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीवरून कळते. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी उतरंड होती. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी असत. गडाच्या घेऱ्यातील मेटांवर रामोशी, महार, मांग, बेरड इ. समाजांतील लोक पहारा करीत. सैन्यात मुसलमान सरदार व शिपाईही होते. पायदळाचा आरंभीचा सरनोबत नूर बेग व आरमारातील दौलतखान ही नावे प्रसिद्ध आहेत. किल्ल्यावरील शिबंदी अशी अनेक समाजांची व अनेक प्रदेशांची बनलेली होती. तिचे पागोटे एका पद्धतीचे व एका रंगाचे असणे संभवत नाही.

चित्ररूप पुराव्यांत मीर मुहम्मद या चित्रकाराने निकोलाओ मनुची या व्हेनिशियन प्रवाशासाठी १६८६ पूर्वी काढलेले चित्र महत्त्वाचे आहे. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज व त्यांच्यासोबत चालणारे शस्त्रधारी पाईक दिसतात. चित्रकार मोगल परंपरेतील असल्यामुळे वेशाच्या तपशिलांसाठी हा पुरावा जपूनच वापरावा लागतो. महाराजांची गोवळकोंडा शैलीतील काही व्यक्तिचित्रे डच व इतर यूरोपीय संग्रहांत आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इब्राहीमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातील अस्सल चित्र पुढे आणून ही चूक दुरुस्त केली. महाराजांच्याच बाबतीत जेथे असा प्रमाद घडला, तेथे अनाम पाइकाच्या वेशाविषयी बेफिकिरी दिसावी यात नवल नाही. पेशवाईतील वेशासाठी मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे उपयुक्त आहेत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार व त्याच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट यांचे अठराव्या शतकाच्या अखेरचे कामही उपयोगी पडते; परंतु शंभर वर्षांनंतरची पगडी शिवकालातील पाइकाच्या डोक्यावर चढविणे योग्य नव्हे.

या साधनांवरून पाइकाचा वेश स्थूलमानाने सांगता येतो. डोक्यास मुंडासे किंवा पागोटे, अंगात आखूड अंगरखा किंवा बंडी, कमरेस शेला, खाली गुडघ्यापर्यंतचा चोळणा आणि खांद्यावर घोंगडी. पाय अनवाणी किंवा साध्या वहाणांत. शस्त्रांमध्ये तलवार, पट्टा, भाला, दोरी बांधलेला विटा, धनुष्यबाण आणि तोड्याची बंदूक यांचा समावेश होतो. ढाल गोल, कातडी व काळसर असून तिच्यावर धातूची फुले असत.

कापडाचे रंग : रंगकामाचा खरा आधार कापड हा होय. साध्या शिपायाचे वस्त्र हातमागावरील जाडेभरडे सुती कापडाचे असे व ते बहुधा न रंगविलेले असे. असे कापड शुभ्र नसते. त्यात पिवळसर-तपकिरी झाक असते. इचलकरंजीसारख्या गावात हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे मागावरून उतरलेले व अद्याप प्रक्रियेस न गेलेले ‘ग्रे’ कापड रोज दृष्टीस पडते. त्याचा रंग आणि धुवट मलमलीचा रंग यांतील अंतर हेच मावळ्याच्या अंगरख्याच्या व दरबारी सरदाराच्या जाम्याच्या रंगांतील अंतर होय.

रंगीत कापडासाठी त्या काळी वनस्पतिज रंग वापरीत. निळीपासून फिकटापासून गर्दपर्यंतच्या निळ्या छटा, आल व मंजिष्ठ यांच्या मुळांपासून विटकरी व तपकिरी झाक असलेला तांबडा, करडईच्या फुलांपासून कुसुंबी, हळद व पळसफुलांपासून पिवळा व नारिंगी रंग मिळे. यांपैकी कुसुंबी, हळदी व पळसाचा रंग उन्हात लवकर विटे. कृत्रिम रंगांचा शोध पर्किनने १८५६ मध्ये लावला व त्यानंतरच भडक, न विटणारे रंग सामान्यांच्या कपड्यांत आले. आज बाजारातील मावळ्याच्या पागोट्यावर दिसणारा झगझगीत भगवा रंग हा त्यानंतरच्या युगातील आहे. निशाणाचा भगवा रंग ऐतिहासिक आहे. पण निशाण भगवे म्हणून प्रत्येक पागोटे भगवे, हे अनुमान टिकत नाही.

साहित्य : पूर्वी मूर्ती स्थानिक काळ्या-तांबड्या मातीच्या किंवा शाडूच्या असत. पुढे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा वापर वाढला. रंगांत गेरू, पिवडी, नीळ, काजळी, खडूची पूड व चुना ही जुनी द्रव्ये असून ती डिंकाच्या किंवा सरसाच्या पाण्यात कालवीत. सांप्रत पोस्टर, डिस्टेंपर व ॲक्रिलिक रंग वापरले जातात आणि मोठ्या कारखान्यांत पिचकारीयंत्राने रंग मारतात. हाताने रंगविण्यास तीन कुंचले पुरतात : अस्तरासाठी चपटा, वस्त्रांसाठी मध्यम गोल आणि आखणीसाठी बारीक टोकाचा. कुंचला लहान असण्यापेक्षा त्याचे टोक अभंग असणे अधिक महत्त्वाचे असते.

रंगकामाची कृती : (१) घडण व वाळवण : दोन भागांच्या साच्यात चाळून, भिजवून व मळून घेतलेली माती दाबून बसवितात. दोन्ही अर्धी पातळ मातीने जोडून मूर्ती बाहेर काढतात. भाला, तलवार यांसारखे नाजूक भाग मातीत टिकत नाहीत. म्हणून हाताच्या मुठीत भोक ठेवून मागाहून बांबूची काडी किंवा पत्र्याचा तुकडा बसवितात. मूर्ती सावलीत वाळवितात. उन्हात ती बाहेरून लवकर आकसते व तडकते. भाजावयाची असल्यास ती पूर्ण वाळल्यावरच आव्यात घालतात.

(२) सफाई : साच्याच्या सांध्याची रेघ चाकूने खरवडून काचकागदाने घासतात. ही रेघ राहिल्यास ती रंगाखाली अधिकच उठून दिसते. घासल्यानंतर कोरड्या कुंचल्याने धूळ झाडणे आवश्यक असते. धुळीवर दिलेला रंग पापुद्र्याने निघतो.

(३) अस्तर : माती सच्छिद्र असल्यामुळे ती रंगातील पाणी व बंधकद्रव्य शोषून घेते आणि वरचा रंग भुकटीसारखा सुटतो. म्हणून खडूची पूड सरसात कालवून किंवा पांढरा डिस्टेंपर पातळ करून त्याचे दोन हात देतात. पहिला हात अगदी पातळ असतो, तो आत मुरतो. दुसरा पृष्ठभाग बंद करतो. दाट अस्तर एकाच हातात दिल्यास चेहऱ्याचे उठाव बुजतात. लहान मूर्तीत ही चूक पुढे सुधारता येत नाही.

(४) अंगाचा रंग : रंगकाम आतून बाहेर करीत जावे, असा संकेत आहे. प्रथम कातडी, मग वस्त्रे, त्यावर शेला व पट्टे आणि शेवटी शस्त्रे. यामुळे आतील रंगाची चूक बाहेरील रंगाने झाकली जाते. कारखान्यांत सर्व मूर्तींना एकच गुलाबी अंगरंग पिचकारीने देतात. उन्हातान्हात वावरणाऱ्या शेतकरी-शिपायासाठी गेरू, पिवडी व थोडी काजळी यांच्या मिश्रणातून दोन-तीन सावळ्या-गव्हाळ छटा करून त्या आलटून-पालटून वापरणे योग्य ठरते.

(५) वस्त्रे : अंगरख्यासाठी पांढऱ्यात पिवडीचा व किंचित गेरूचा अंश मिसळून ‘कोरा’ रंग करतात. दहा मूर्तींच्या संचात चार-पाच अंगरखे कोरे, दोन मळकट व उरलेले निळे, विटकरी किंवा फिकट पिवळे ठेवल्यास तुकडी खरी वाटते. पागोटी व शेले यांत अधिक विविधता असावी. रंग मूळ कापडाच्या रंगापेक्षा थोडा फिकट घ्यावा लागतो; कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो.

(६) छटा व उजळणी : लहान मूर्तीवर प्रकाशामुळे पडणाऱ्या सावल्या पुरेशा नसतात, त्या रंगाने दाखवाव्या लागतात. तपकिरी रंग बराच पातळ करून चुण्यांत सोडल्यास तो खोलगट भागी साठतो. तो वाळल्यावर मूळ रंगात पांढरा मिसळून, कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवितात. सावलीसाठी शुद्ध काळा वापरल्यास वस्त्र काजळल्यासारखे दिसते.

(७) शस्त्रे व चामडे : ढाल काळ्यात तपकिरी मिसळून रंगवितात व फुलांना सोनेरी पूड लावतात. तलवारीस प्रथम करडा रंग देऊन केवळ धारेवर रुपेरी रेघ ओढल्यास ती पोलादी दिसते. संपूर्ण रुपेरी पाते पत्र्यासारखे भासते. भाल्याचा दांडा बांबूचाच असल्यास तो न रंगविता ठेवणे उत्तम.

(८) आखणी : डोळे, भुवया, मिशा व गंध यांची रेखाटणी सर्वांत शेवटी होते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत ही आखणी अनुभवी कारागिराकडे असते व तीच पद्धत मावळ्यांनाही लागू आहे. १० सेंमी. उंचीच्या मूर्तीत डोळ्याची रुंदी जेमतेम २ मिमी. असते. प्रथम वरच्या पापणीची गडद रेघ, मग बुबुळ व अखेरीस लागल्यास पांढरा ठिपका असा क्रम ठेवतात. बुबुळ वरच्या पापणीस टेकलेले असावे. चहूबाजूंनी पांढरे दिसल्यास चेहरा भेदरलेला वाटतो. दोन्ही डोळ्यांच्या रेघा ओढून झाल्याखेरीज बुबुळे काढू नयेत, म्हणजे दृष्टी तिरळी होत नाही.

(९) संरक्षक लेप : किल्ल्यावर पाणी शिंपले जाते, कारण त्यावर अळीव, मोहरी किंवा गहू पेरलेले असतात. म्हणून मूर्तीच्या तळासह पातळ वार्निशाचा हात देतात. चकचकीत वार्निशाने कापड रेशमासारखे दिसते. यास्तव ते ढाल व शस्त्रे एवढ्यापुरते मर्यादित ठेवून वस्त्रांस निस्तेज वार्निश देणे चांगले.

मांडणी व प्रमाण : १० सेंमी. उंचीची मूर्ती १·६५ मी. उंचीच्या पुरुषाची मानली, तर प्रमाण १ : १६·५ असे होते. या प्रमाणात एक मीटर उंचीचा अंगणातील किल्ला म्हणजे साडेसोळा मीटरांची टेकडी. अर्थात डोंगराचे प्रमाण मूर्तीशी जुळविणे शक्य नसते. परंतु दरवाजा, बुरूज व तटाची उंची मूर्तीच्या मापाने ठेवता येते. मूर्ती थोड्या असल्यास नऊ पाईक व एक नाईक हा सभासदाच्या बखरीतील गट संच म्हणून मांडणे सोयीचे व सप्रमाण आहे. कोल्हापूर परिसरातील मुले पन्हाळा व विशाळगड यांच्या प्रतिकृती आवडीने करतात. १६६० मधील सिद्दी जौहरचा वेढा व त्यातून महाराजांची सुटका या घटनांमुळे हे दोन्ही गड एका कथेने जोडले गेले आहेत. जुलै २०२५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचाही समावेश आहे.

इचलकरंजी व कोल्हापूर परिसर : हातकणंगले तालुक्यातील पंचगंगाकाठचे इचलकरंजी हे गाव घोरपडे जहागिरीचे मुख्य ठाणे होते. जहागिरीचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी हा संताजी घोरपडे या सेनापतीच्या सेवेत होता व त्याने आपल्या धन्याचे आडनाव घेतले. पुढील पिढीतील व्यंकटराव हा बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा जावई. अशा रीतीने मराठी फौजेच्या इतिहासाशी गावाचा जुना संबंध आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे हे गाव वस्त्रोद्योगाचे केंद्र बनले.

या भागातील कुंभारकामाचे वर्ष सणांनी बांधलेले आहे. ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर व आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर यांसाठी मातीचे बैल, श्रावणात नागपंचमीचे नाग, भाद्रपदात गणपती, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या व मावळे आणि संक्रांतीस सुगडे असा तो क्रम होय. गणेशचतुर्थी व दिवाळी यांच्यामध्ये सामान्यतः दीड ते पावणेदोन महिन्यांचा अवधी मिळतो. त्यातील पूर्वार्धात हवा दमट असते व मूर्ती लवकर वाळत नाहीत. एवढ्या काळात साचे भरून, वाळवून, रंगवून माल बाजारात न्यावयाचा असतो आणि दिवाळी सरताच त्याची मागणी शून्यावर येते. यामुळे एकाच भांड्यातील रंग शेकडो मूर्तींना देणे कारागिरास भाग पडते. मावळ्याच्या वेशातील एकसारखेपणाचे एक कारण असे कामाच्या व्यवस्थेत आहे. इतिहासाच्या चुकीच्या कल्पनेत तेवढे नाही.

दुसरे कारण चित्रांच्या प्रसारात आढळते. रायगडावर १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवोत्सव साजरा झाला आणि शिवकालीन वीरांच्या प्रतिमांना सार्वजनिक जीवनात स्थान मिळाले. त्याच सुमारास रविवर्मा छापखान्यातील रंगीत शिळाप्रेस चित्रांनी घरोघरी प्रवेश केला. पुण्यातील वि. पां. करमरकर यांनी घडविलेल्या अश्वारूढ पुतळ्याने (१९२८) महाराजांच्या घोड्यावरील मूर्तीचा आदर्श घालून दिला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सिंहगड (१९२३), प्रभातचा उदयकाल (१९३०) व भालजी पेंढारकरांचा छत्रपती शिवाजी (१९५२) या चित्रपटांनी मावळ्याला एक निश्चित पडद्यावरील रूप दिले. रंगपट, पडदे व मूर्ती यांची कामे करणारा कलावंतवर्ग एकाच शहरात असल्यामुळे चित्रपटातील वेश आणि साच्यातील वेश यांत साम्य दिसते. हे रूप प्रभावी आहे व त्याला स्वतःचा इतिहासही आहे. परंतु तो विसाव्या शतकाचा इतिहास आहे, सतराव्या शतकाचा नव्हे.

सद्यःस्थिती : प्लॅस्टर ऑफ पॅरिस स्वस्त, हलके व लवकर घट्ट होणारे असल्यामुळे त्याने मातीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तिविसर्जनासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे (२०१०, सुधारित २०२०) मुख्यतः पूजेच्या मूर्तींसाठी आहेत. मावळ्यांचे विसर्जन होत नसले, तरी एकाच कारखान्यातील माती, साचे व रंग दोन्हींसाठी वापरले जात असल्याने त्यांचा परिणाम याही मूर्तींवर होतो. घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. लहान मुले या मूर्ती सतत हाताळतात. म्हणून जुने रंग वापरताना ही मर्यादा विशेष महत्त्वाची आहे. हरताळ व हिंगूळ ही जुन्या चित्रकामातील द्रव्ये अनुक्रमे आर्सेनिक व पारा यांची संयुगे असल्यामुळे खेळण्यांसाठी सर्वस्वी वर्ज्य होत. प्लॅस्टिकच्या साच्यातील तयार सैनिकांचीही बाजारात स्पर्धा आहे.

कारागिराने प्रत्येक मूर्ती वेगळी रंगवावी, अशी अपेक्षा त्याला मिळणाऱ्या मोबदल्यात रास्त नाही. ते काम घरी व शाळेत होऊ शकते. केवळ अस्तर दिलेल्या, न रंगविलेल्या मूर्ती मुलांना दिल्यास एका तुकडीतील दहा शिपाई दहा प्रकारचे करता येतात आणि हा कोठला, याच्या खांद्यावर घोंगडी का, याचे पागोटे निळे कशाने झाले, असे प्रश्न रंगविताना आपोआप निघतात. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत व पावसाळ्यापूर्वी परतत. तेव्हा दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळा हा नुकताच शेत सोडून मोहिमेस लागलेला माणूस आहे. त्याच्या अंगावर गावचे कापड व वाटेची धूळ असणे स्वाभाविक होय.

या मूर्ती टिकाऊ नसतात. दिवाळीनंतर त्या फुटतात, पावसात विरघळतात किंवा माळ्यावर पडून रंग गमावतात. संग्रहालयांचे लक्ष शस्त्रांकडे व नाण्यांकडे असते, खेळण्यांकडे क्वचितच जाते. त्यामुळे कुंभारवाड्यांतील जुने साचे हेच या कलेचे खरे दप्तर ठरते. कोणत्या काळी मावळ्याच्या हातात कोणते शस्त्र होते, पगडीचा घाट केव्हा बदलला, घोड्यावरील महाराजांची बैठक कोणत्या पुतळ्यावरून आली, हे त्या साच्यांवरून क्रमाने लावता येण्यासारखे आहे. नवा साचा आला की जुना मोडीत निघतो. म्हणून प्रत्येक गावातील जुन्या साच्यांची एकेक मूर्ती काढून, तिच्यावर साच्याचा काळ व कारागिराचे नाव नोंदवून, ती न रंगविता जतन करणे हे अल्प खर्चाचे परंतु निकडीचे काम आहे.